खिळे, कात्री आणि टपाल : अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी वृत्तपत्रांविषयी

बेंजामिन लंडी प्रवासाला निघे तेव्हा त्याच्या पेटीत तीन वस्तू हमखास असत : वृत्तपत्राच्या नावाचा मथळा, दोन स्तंभांच्या मधोमध बसवायच्या धातूच्या पट्ट्या आणि वर्गणीदारांच्या नावापत्त्यांची वही. मुक्काम पडेल त्या गावातला छापखाना गाठायचा, मालकाला पैसे देऊन मजकूर जुळवून घ्यायचा, अंक छापायचा, वहीत पाहून पत्ते घालायचे, गठ्ठा टपालात टाकायचा आणि पुढची वाट धरायची, असा त्याचा काही काळ क्रम होता. त्याच्या गुलामगिरीविरोधी नियतकालिकाचे नाव होते ‘जीनियस ऑफ युनिव्हर्सल इमॅन्सिपेशन’. एवढा लांबलचक मथळा पेटीत मावत कसा असेल, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला आणि त्यानंतर पत्त्यांच्या त्या वहीने मला पछाडले.

गेले काही महिने मी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली अमेरिकेतली गुलामगिरीविरोधी वृत्तपत्रे वाचतो आहे. सुरुवात केली ती संपादकांची तेजस्वी वाक्ये टिपून घ्यावीत म्हणून. परंतु जसजसा वाचत गेलो तसतसे अग्रलेखांपेक्षा अंकाचे बाकीचे कोपरे मला अधिक बोलके वाटू लागले. वर्गणी कोणी भरली, खिळे म्हणजे छपाईची धातूची अक्षरे कोणी वाहून आणली, दुसऱ्यांच्या वृत्तपत्रांतून काय कापून घेतले आणि अंक कोणाच्या टेबलावर जाऊन पडला, या चार प्रश्नांची उत्तरे शोधल्याशिवाय हा इतिहास कळत नाही, असे माझे मत झाले आहे. एरवी आपल्या हाती उरतो तो एका शूर संपादकाचा पुतळा, आणि पुतळ्याच्या चौथऱ्याखाली काय पुरले आहे ते कोणी खणून पाहत नाही.

ही वृत्तपत्रे बोस्टनमध्ये जन्मली असा सर्वसाधारण समज आहे, पण तो चुकीचा आहे. चार्ल्स ऑस्बर्न या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या गृहस्थाने १८१७ मध्ये ओहायोतल्या माउंट प्लेझंट या लहानशा गावी ‘फिलान्थ्रॉपिस्ट’ काढले. १८२० मध्ये एलिहू एम्ब्रीने टेनेसीतल्या जोन्सबरो येथून ‘इमॅन्सिपेटर’ हे मासिक सुरू केले. टेनेसी हे गुलामगिरी कायदेशीर असलेले राज्य होते आणि एम्ब्रीने स्वतःही पूर्वी गुलाम बाळगले होते. त्याचे मासिक जेमतेम सात महिने चालले, कारण त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी तो वारला. लंडी हा मूळचा खोगिरे बनवणारा कारागीर. व्हर्जिनियातल्या व्हीलिंग येथे शिकाऊ म्हणून राहत असताना साखळदंडांनी एकत्र बांधलेल्या गुलामांचे तांडे रस्त्यावरून हाकत नेलेले त्याने पाहिले, आणि ते दृश्य त्याच्या मनातून गेले नाही. १८२१ मध्ये त्याने ‘जीनियस’ काढले तेव्हा त्याच्याकडे छापखाना नव्हता. वीस मैलांवरच्या स्ट्यूबेनव्हिल येथे अंक छापून घ्यायचा आणि गठ्ठा पाठीवर टाकून पायी परत यायचे, अशी त्याची सुरुवात होती. पुढे तो टेनेसीत ग्रीनव्हिल येथे गेला आणि एम्ब्रीच्या मागे राहिलेल्या यंत्रावर आपले अंक छापू लागला.

१८२४ मध्ये लंडी बाल्टिमोरला आला. हे शहर म्हणजे दक्षिणेकडे गुलाम पाठवण्याचे मोठे बंदर, आणि ऑस्टिन वुलफोक हा तिथला नावाजलेला गुलामांचा व्यापारी. लंडीने त्याच्याविषयी जे छापले त्याचा राग धरून वुलफोकने १८२७ च्या जानेवारीत त्याला भर रस्त्यात बेदम मारले. न्यायाधीशाने वुलफोकला दंड केला तो १ डॉलर, आणि वर लंडीने मार स्वतःच ओढवून घेतला अशी पुस्तीही जोडली. १८२९ मध्ये विल्यम लॉइड गॅरिसन हा तरुण मुद्रक लंडीच्या मदतीला आला. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टच्या फ्रान्सिस टॉड नावाच्या जहाजमालकाने आपल्या जहाजातून बाल्टिमोरचे गुलाम न्यू ऑर्लिन्सला नेल्याची बातमी गॅरिसनने कठोर शब्दांत छापली. गुलाम नेल्याची गोष्ट खरी होती, तरीही बदनामीबद्दल गॅरिसनला ५० डॉलर दंड आणि खटल्याचा खर्च भरण्याची शिक्षा झाली; पैसे नसल्यामुळे १८३० मध्ये त्याने ४९ दिवस तुरुंगात काढले. संपादकाला मारल्यास १ डॉलर आणि व्यापाऱ्याविषयी लिहिल्यास ५०, असा त्या शहराचा भाव होता. न्यूयॉर्कचे रेशीम व्यापारी आर्थर टॅपन यांनी पैसे भरून त्याला सोडवले, आणि गॅरिसन बोस्टनला गेला.

इथे आपल्याला जरा मागे यावे लागेल, कारण गॅरिसनच्या आधी आणखी एक वृत्तपत्र येते, जे नसते तर गॅरिसनला वाचक कोठून मिळाले असते ते सांगणे कठीण आहे. १६ मार्च १८२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल कॉर्निश आणि जॉन रसवर्म यांनी ‘फ्रीडम्स जर्नल’ सुरू केले. कृष्णवर्णीयांच्या मालकीचे आणि त्यांनीच चालवलेले हे अमेरिकेतले पहिले वृत्तपत्र. कॉर्निश हा धर्मोपदेशक, तर रसवर्म हा नुकताच महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेला. ‘आमची बाजू आम्हालाच मांडायची आहे, आजवर फार काळ इतर लोक आमच्या वतीने बोलत आले’, असे त्यांनी पहिल्याच अंकात लिहिले. त्यांच्या अंकांत गुलामगिरीविरोधी लेखांच्या शेजारी विवाहाच्या आणि मृत्यूच्या बातम्या, शाळांच्या जाहिराती, खानावळींचे पत्ते आहेत. मला हा शेजार फार महत्त्वाचा वाटतो. एरवी ज्यांची नावे वृत्तपत्रांत यायची ती ‘पळून गेला’ किंवा ‘विकणे आहे’ अशा मथळ्याखाली, त्यांची नावे इथे लग्न केले, दुकान काढले, वर्ग सुरू केला म्हणून छापली जात होती. हे साप्ताहिक दोनच वर्षे चालले, पण त्याने गावोगावच्या वर्गणी गोळा करणाऱ्या प्रतिनिधींचे एक जाळे विणले. बोस्टनचा प्रतिनिधी होता डेव्हिड वॉकर, जुन्या कपड्यांचा दुकानदार. १८२९ मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्ध जे जळजळीत पत्रक छापले ते खलाशांच्या कपड्यांच्या अस्तरात शिवून दक्षिणेच्या बंदरांत पोहोचत होते.

१ जानेवारी १८३१ रोजी गॅरिसन आणि आयझॅक नॅप यांनी ‘लिबरेटर’चा पहिला अंक काढला तेव्हा त्याच्या ४०० प्रती छापल्या होत्या. खिळे उसने आणलेले, छताखालची एक खोली हेच कार्यालय आणि हेच झोपण्याचे ठिकाण. पाव आणि दूध यांवर दोघांची गुजराण चाले. तेराव्या वर्षापासून खिळे जुळवण्यात हात बसलेला गॅरिसन पुष्कळदा अग्रलेख कागदावर लिहीतच नसे, खान्यांतून एकेक अक्षर उचलून थेट जुळवीत असे. ‘मी मनापासून बोलतो आहे, मी संदिग्ध बोलणार नाही, कोणाची गय करणार नाही, एक इंचही मागे हटणार नाही, आणि माझे म्हणणे ऐकले जाईलच’, हे त्याचे वाक्य सर्वांना ठाऊक आहे. ते ऐकले जावे म्हणून पैसे कोणी मोजले, हे मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. शिडे तयार करण्याच्या व्यवसायात श्रीमंत झालेले फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय उद्योजक जेम्स फोर्टन यांनी २७ वर्गणीदारांचे ५४ डॉलर आगाऊ पाठवले, आणि सुरुवातीच्या अंकांचा कागद त्या पैशांच्या आधारावर आला. १८३४ मध्ये ‘लिबरेटर’चे सुमारे २,३०० वर्गणीदार होते, आणि त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश मुक्त कृष्णवर्णीय होते. वर्षाला २ डॉलर ही वर्गणी न्हावी, खलाशी, धोबिणी आणि गोदीतल्या हमालांना हलकी नव्हती. एका गोऱ्या संपादकाचे वृत्तपत्र म्हणून जे ओळखले जाते ते प्रत्यक्षात कोणाच्या पैशांवर उभे होते, हे या आकड्यांवरून कळते. म्हणूनच १८४७ मध्ये गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस या कृष्णवर्णीय वक्त्याने रॉचेस्टर येथे स्वतःचे ‘नॉर्थ स्टार’ काढायचे ठरवले तेव्हा आणखी एका वृत्तपत्राची गरज नाही असे गॅरिसनने म्हणावे, हे मला कृतघ्नपणाचे वाटते. डग्लसने ब्रिटनमधल्या मित्रांनी जमवलेल्या पैशांवर ते काढलेच, आणि ते चालू राहावे म्हणून पुढे स्वतःचे घरही गहाण टाकले.

आता टपालाकडे येतो, कारण या सगळ्या गोष्टीची खरी गोम तिथे आहे. १७९२ च्या टपाल कायद्याने वृत्तपत्राच्या एका प्रतीला १०० मैलांपर्यंत १ सेंट आणि त्यापुढे दीड सेंट एवढाच दर ठेवला होता, तर साध्या पत्राला अंतराप्रमाणे ६ पासून २५ सेंटपर्यंत मोजावे लागत. त्याहून महत्त्वाची तरतूद अशी की एका संपादकाने दुसऱ्या संपादकाला पाठवलेला अंक टपाल खाते फुकट पोहोचवीत असे. वृत्तसंस्था नसलेल्या त्या काळात प्रत्येक संपादकाच्या टेबलावर अदलाबदलीच्या अंकांचा ढीग असे आणि त्याच्या हाती लेखणीइतकीच कात्री असे. दुसऱ्याच्या अंकातला परिच्छेद कापायचा, वर दोन ओळी आपल्या घालायच्या आणि छापायचा, ही सर्वमान्य रीत होती.

गॅरिसनने या रितीचा पुरेपूर उपयोग केला. दक्षिणेतल्या संपादकांना तो अंक पाठवी. ते संतापून त्यातला एखादा उतारा निषेधासह छापत. त्यांचे अंक बोस्टनला परत आले की गॅरिसन त्यांचा निषेध आपल्या उत्तरासह छापी. आणि उत्तरेकडची तटस्थ वृत्तपत्रे हे भांडण मजेदार म्हणून उचलत. दक्षिणेत ‘लिबरेटर’चे वर्गणीदार जवळजवळ नव्हते, पण त्यातली वाक्ये तिथे वाचली गेली ती गुलामगिरीच्या समर्थकांनी स्वतःच्या खर्चाने छापली म्हणून. १८३१ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाच्या नेतृत्वाखाली गुलामांचा उठाव झाला. टर्नरने ‘लिबरेटर’ पाहिल्याचा कोणताही पुरावा नाही, तरीही दोष त्या वृत्तपत्रावर आला. दक्षिणेतून बोस्टनच्या महापौरांकडे, म्हणजे हॅरिसन ग्रे ओटिस यांच्याकडे, विचारणा झाली तेव्हा त्यांना या वृत्तपत्राचे नावही ठाऊक नव्हते. त्यांनी माणसे पाठवून शोध घेतला, तर एक अंधारी खोली, मदतीला एक कृष्णवर्णीय मुलगा आणि पाठीराखे म्हणून निरनिराळ्या वर्णांची काही क्षुल्लक माणसे, एवढेच हाती लागल्याचे त्यांनी कळवले. जॉर्जियाच्या विधिमंडळाने मात्र याच खोलीतल्या माणसाला पकडून आणण्यासाठी ५,००० डॉलरचे बक्षीस लावले. आणि वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनने एक नियम केला : मुक्त कृष्णवर्णीयाने टपाल कचेरीतून ‘लिबरेटर’ घेतल्यास त्याला दंड आणि कैद. वाचक कोण आहेत, हे महापौरांपेक्षा जॉर्जटाउनला अधिक अचूक कळले होते.

कात्रीचा दुसरा उपयोग याहून धारदार होता. ‘लिबरेटर’च्या पहिल्या पानावर ‘अत्याचाराचे आश्रयस्थान’ अशा अर्थाचे एक सदर असे. त्यात गुलामगिरीच्या समर्थकांचे लेख त्यांच्याच शब्दांत छापले जात, आणि ते वाचताना गॅरिसनच्या अग्रलेखांची गरजच उरत नाही. हीच पद्धत गुलामगिरीविरोधी कार्यकर्ता थिओडोर वेल्ड, त्याची पत्नी अँजेलिना ग्रिम्के आणि तिची बहीण सारा यांनी टोकाला नेली. न्यूयॉर्कच्या एका व्यापारी वाचनालयातून रद्दीत निघणारी दक्षिणेची वृत्तपत्रे त्यांनी विकत घेतली, आणि दोघी बहिणींनी महिनोन्‌महिने बसून २०,००० हून अधिक अंक चाळले. त्यांना हव्या होत्या त्या पळालेल्या गुलामांच्या जाहिराती. गुलाम ओळखू यावा म्हणून मालक त्याच्या खुणा बारकाईने लिही : गालावर डागलेले अक्षर, पाठीवरचे चाबकाचे वळ, तुटलेला कान, पायातली बेडी. मालकाला त्यात लाज वाटण्यासारखे काही दिसत नव्हते, कारण तो हरवलेल्या मालाचे वर्णन करीत होता. दक्षिण कॅरोलायनातल्या गुलाम बाळगणाऱ्या घराण्यात वाढलेल्या या दोन स्त्रियांनी ती वर्णने जाहिरातदारांच्या नावांसह १८३९ मध्ये एका पुस्तकात एकत्र केली आणि मूळ अंक न्यूयॉर्कच्या नॅसॉ स्ट्रीटवरील ‘अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी’ या गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कार्यालयात ठेवून, ज्याला शंका असेल त्याने येऊन पाहावे असे सांगितले. पुरावा आरोपीनेच सही करून दिलेला असल्यामुळे खोटेपणाचा आरोप टिकणे अवघड झाले.

त्याच्या आधी, १८३५ मध्ये, याच सोसायटीने टपालाचा स्वस्त दर आणि वाफेवरची यंत्रे यांच्या बळावर दक्षिणेतल्या धर्मोपदेशकांना, अधिकाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना न मागता अंक पाठवायला सुरुवात केली. २९ जुलै रोजी ‘कोलंबिया’ या आगबोटीतून या अंकांची पोती दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला पोहोचली. त्याच रात्री जमावाने टपाल कचेरी फोडून ती पळवली, आणि दुसऱ्या रात्री गॅरिसन आणि टॅपन यांच्या पुतळ्यांसह त्यांची होळी केली. पोस्टमास्टर जनरल एमॉस केंडॉल यांनी स्थानिक पोस्टमास्टरला असे कळवले की अंक रोखण्याचा हुकूम आपण देऊ शकत नाही, पण रोखल्यास दोषही देणार नाही. १८३६ च्या कायद्याने टपाल अडवणे हा पोस्टमास्टरचा गुन्हा ठरवला, तरीही दक्षिणेत हे अंक पुढेही अडवलेच जात राहिले.

टपाल अडवता येत नाही तिथे यंत्र फोडायचे, हा दुसरा मार्ग. १८३६ च्या जुलैत सिनसिनाटी येथे जेम्स बर्नी यांच्या ‘फिलान्थ्रॉपिस्ट’च्या (ऑस्बर्नच्या वृत्तपत्राच्याच नावाचे हे दुसरे वृत्तपत्र) छापखान्यावर दोनदा हल्ला झाला आणि दुसऱ्या खेपेस यंत्र ओढत नेऊन ओहायो नदीत टाकले गेले. पण नदी आणि यंत्र या जोडीची खरी कथा इलायजा लव्हजॉयची आहे, आणि ती सहसा जिथून सांगतात त्याच्या थोडी आधीपासून मला सांगावीशी वाटते.

१८३० च्या सुमारास लव्हजॉय सेंट लुइसमध्ये ‘टाइम्स’ या वृत्तपत्रात होता, आणि तेव्हा तो गुलामगिरीचा विरोधक नव्हता. त्याच्या छापखान्यात विल्यम नावाचा एक गुलाम मुलगा कामाला होता. मालकाने त्याला भाड्याने दिले होते. एकदा दुसऱ्या छापखान्यातून जुळवलेल्या खिळ्यांची जड चौकट आणायला त्याला पाठवले असताना वाटेत गुलाममालकांच्या मुलांनी त्याच्यावर बर्फाचे गोळे फेकले. चौकट घेऊन पळता येईना, म्हणून त्याने ती खाली ठेवली आणि झुंज दिली. शेवटी दगडकाठ्यांच्या माऱ्यापुढे त्याला पळावे लागले आणि खिळे त्या मुलांच्या हाती गेले. लव्हजॉय एका शिकाऊ मुलाला घेऊन स्वतः गेला आणि खिळे परत घेऊन आला. पण त्या मुलांपैकी एकाच्या बापाने पुढे विल्यमला गाठून काठीने एवढे मारले की बरे व्हायला पाच आठवडे लागले, आणि त्याची ती जागा गेली. हा मुलगा म्हणजे पुढे पळून जाऊन लेखक आणि वक्ता म्हणून नाव मिळवणारा विल्यम वेल्स ब्राऊन. गुलामीत असताना जे काही थोडेफार शिकलो ते मुख्यतः लव्हजॉय आणि त्याच्या छापखान्यामुळेच, असे त्याने लिहून ठेवले आहे. लव्हजॉय त्या मुलाकडून काय शिकला, याविषयी मी पुष्कळ विचार केला आहे.

१८३६ च्या एप्रिलमध्ये सेंट लुइसच्या जमावाने फ्रान्सिस मॅकिंटॉश या मुक्त कृष्णवर्णीय खलाशाला झाडाला बांधून जिवंत जाळले. गुन्हा जमावाचा असल्यामुळे कायदा तिथे पोहोचत नाही, असे न्यायाधीशाने सांगितले आणि उलट लव्हजॉय आता चालवीत असलेल्या ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राकडेच बोट दाखवले. लव्हजॉयने न्यायाधीशावर टीका केली, छापखान्याची मोडतोड झाली, आणि तो मिसिसिपी ओलांडून इलिनॉयमधल्या आल्टन येथे गेला. त्याचे यंत्र आल्टनच्या धक्क्यावर उतरले तो नेमका रविवार होता. धर्मोपदेशक असलेल्या लव्हजॉयने शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, मोडून ते हलवायला नकार दिला, आणि रात्रीतून ते नदीत गेले. दुसरे यंत्र १८३७ च्या ऑगस्टमध्ये फोडले गेले, तिसरे सप्टेंबरमध्ये. चौथे नदीकाठच्या एका दगडी गोदामात ठेवून सुमारे वीस माणसे पहारा करीत होती. ७ नोव्हेंबरच्या रात्री जमावाने शिडी लावून छताला आग लावण्याचा प्रयत्न केला, आणि ती शिडी पाडायला बाहेर आलेल्या लव्हजॉयला पाच गोळ्या लागल्या. जमावाने यंत्राचे तुकडे करून खिडकीतून बाहेर फेकले आणि ते नदीत ढकलले. दोनच दिवसांनी, त्याच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्याला पुरले. पुढे हल्लेखोरांवर खटला झाला तसा गोदामाचा बचाव करणाऱ्यांवरही झाला, आणि दोन्ही बाजूंचे लोक निर्दोष सुटले. १९१५ मध्ये त्याच्या यंत्रांपैकी एकाचा भाग नदीत सापडला.

या सगळ्या हल्ल्यांत मला सर्वांत चमत्कारिक वाटतो तो केंटकीतल्या लेक्सिंग्टनचा. १८४५ मध्ये कॅशियस क्ले या जमीनदाराच्या मुलाने तिथे ‘ट्रू अमेरिकन’ काढले आणि जमाव येणार हे गृहीत धरून कार्यालयाच्या दाराशी दोन लहान तोफा रोखून ठेवल्या. जमाव आला नाही. ऑगस्टमध्ये क्ले विषमज्वराने अंथरुणाला खिळला असताना शहरातल्या साठ प्रतिष्ठित गृहस्थांची एक समिती शांतपणे कार्यालयात शिरली, यंत्र सुटे केले, खिळे भरले, सगळे पेट्यांत नीट बांधले आणि ओहायोपार सिनसिनाटीला रवाना केले. एकही काच फुटली नाही. क्लेने पुढे दावा लावून २,५०० डॉलर नुकसानभरपाई मिळवली. ‘ट्रू अमेरिकन’ सिनसिनाटीत छापले जाऊ लागले, आणि त्याचे अंक टपालाच्या थैलीतून लेक्सिंग्टनला येत राहिले.